होडीचं बारसं

"नाव मिळाल्याशिवाय होडी पाण्यात उतरणार नाही!" धैर्यशीलराजे गरजले आणि दरबारी एकमेकांकडे बघू लागले.

होडी ती केवढी! दहा माणसं आणि चार टोपल्या बसल्या की भरली. पण राजाच्या अटी तीन. नावात देव नको, कारण खाडीकाठी देवळं तीन आणि तिन्ही पुजारी तोंडाळ. नावात माणूस नको, कारण वाड्यात राण्या दोन, आणि होडी आपल्याच नावाची होणार असं दोघींनीही माहेरी कळवून टाकलेलं. तिसरी अट अशी की नाव एकदा ऐकलं की जन्मात विसरता कामा नये. ज्याचं नाव नापसंत होईल, त्याने भरती येईपर्यंत खाडीच्या चिखलात उभं राहायचं! रणांगणात राजे कधी मागे हटले नव्हते म्हणतात. दोन राण्यांच्या मध्ये बोलायची वेळ आली, की मात्र त्यांना असे कडक हुकूम सुचत.

दिवाणजींनी मोठ्या ऐटीत 'जलगजगामिनी' सुचवलं. राजांनी ते म्हणून पाहिलं, दोनदा अडखळले, तिसऱ्यांदा जीभ चावली. दिवाणजी चिखलात गेले. मागोमाग राजकवी गेले. मग कुणाला काही सुचेना, म्हणजे सुचलं तरी कुणी तोंड उघडेना.

इकडे चांगुणा कोळणीचा जीव कासावीस झाला होता. खाडीपार नेणारी जुनी होडी खडकावर फुटली होती. बाजार पलीकडच्या तीरावर. टोपली डोक्यावर घेऊन खाडीला चार कोसांचा वळसा घालायचा आणि पोचेपर्यंत मासळी नरम पडायची. पंधरा दिवसांत तिची निम्मी मासळी कावळ्या-मांजरांच्या पोटात गेली होती. आणि नवी होडी? ती ऊन खात काठावर पडलेली. फळ्या सुकून सांधे उघडायला लागले होते.

"आनकी आठ दिवस गेले, तर नाव मिळंल, पन होडी नाय मिळायची!" असं म्हणत चांगुणा टोपलीसकट दरबारात शिरली. वासाने निम्मा दरबार मागे सरकला. वाट आपोआप झाली.

"नाव आणलंस?" राजांनी विचारलं.

"आनते ना. पन म्हाराज, एक विचारू? तुमचं बारसं कवा झालं?"

"बाराव्या दिवशी. सगळ्यांचं होतं तेव्हाच!"

"जन्माच्या आदी नाय?"

"जन्माच्या आधी कुणी नाव ठेवतं का, वेडे?"

"मंग ह्या पोरीवरच असा जुलूम का? लाकूड पान्याला लागंल तवा होडी जन्मली म्हनायची. तिला पान्यात सोडा. बाराव्या दिवशी नाव मिळालं नाय, तर मी उभी ऱ्हाते चिखलात. आमाला काय, त्यातच जन्म गेलाय!"

राजांनी हुकूम सोडला. त्याच संध्याकाळी नारळ फुटला आणि होडी पाण्यात पडली. म्हातारा धाकोजी तांडेल वल्ही मारायला बसला.

अकरा दिवस चांगुणेची मासळी ताजी विकली गेली. नावाचं मात्र ती चकार शब्द काढीना. दिवाणजी रोज काठावर येऊन चिखल किती खोल आहे ते काठीने बघून जात. फार आनंदात होते बिचारे!

बारावा दिवस उजाडला. राजे सकाळीच दिवाणजींना घेऊन त्या होडीतून पलीकडे शिकारीला गेले. दुपारी परतले तर होडी अलीकडच्या तीरावर, डोक्यावर ऊन आणि पोटात कावळे. "राजेसाहेबांची होडी हाजीर करा!" चोपदार ओरडला. धाकोजी ढिम्म. दिवाणजींनी शेला हलवला. धाकोजीने पाठ खाजवली.

राजे स्वतः पुढे झाले. "आम्ही राजे आहोत!" ही बातमी खाडीने गिळून टाकली.

एवढ्यात बाजारातून परतणाऱ्या बायका काठावर आल्या. रोजच्यासारखा एकीने तोंडाशी हात धरला आणि लांब सूर लावला, "ये गो बाऽऽय!" धाकोजीने कान टवकारला, पण एका हाकेला तो हलतो कसला! तो विडी ओढत बसला.

"त्याला एका हाकेनं भागत नाय, म्हाराज," ती बाई म्हणाली. "सगळ्यांनी मिळून घालावी लागते."

राजांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पोटातले कावळे आता चोची मारत होते. मग खाडीकाठच्या त्या शूर पुरुषाने तोंडाशी हात धरला आणि बायकांच्या सुरात सूर मिसळला, "ये गो बाऽऽय! ये गो बाऽऽय!"

होडी निघाली! डुलत डुलत तीराला लागली. आत चांगुणा बसली होती, मांडीवर बारशाच्या घुगऱ्यांचं ताट.

"घ्या म्हाराज, तोंड गोड... न्हवं, खारट करा. नाव झालं ठेवून!"

"कुणी ठेवलं?"

"तुमीच की! येगोबाय! आत्ताच दोनदा घेतलंत."

"ही तर साधी हाक आहे!" दिवाणजी उसळले. त्यांचा चिखल वाया चालला होता.

"हाक मारायलाच नाव असतं, दिवानजी. ह्यात देव नाय, मानूस नाय. दोनी काठांवर दिवसभर घेतलं जातं. आनी ऱ्हायली पाठांतराची गोष्ट..." चांगुणा राजांकडे वळली, "तुमाला एकदा ऐकून पाठ झालं, मंग जगात कुनाला होनार नाय?"

दिवाणजींनी डोळे मिटून घेतले. राजांच्या मिशा थरथरल्या. घुगऱ्यांचा बकाणा भरलेला होता, म्हणून हसू आधी नाकातून आलं आणि मग खो खो बाहेर पडलं.

"जिंकलीस! या होडीत पहिली बैठक तुझी, तुझ्या लेकीसुनांची. आमची दुसरी! आणि हे सोन्याचं कडं." मग राजे होडीत चढून जरा जवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पण चांगुणे, वाड्यात काय सांगू?"

"थोरल्या बाईसायबांना सांगा, 'बाय' म्हंजे तुमीच. धाकल्यांनाबी तेच सांगा. फकस्त दोगींना एकदम सांगू नका!"

राजे इतके हसले, की येगोबाय दोन्ही बाजूंनी हेलकावली आणि तिच्यात पाय टाकणारे दिवाणजी चिखलात पडले.