तिकोनीची जागा

"...म्हणजे कपाट पसंत पडला, तर पेटी माझ्याकडे देतल्यात मा, बुवा?"

पडवीत टेकवलेल्या पेटीवर तातोबुवांचा हात होता, तो तसाच राहिला.

विचारणाऱ्या वासुदेवची नजर त्या हातावरून हलेना.

देवळाची ती बाजाची पेटी. आजवर तिच्या सुरांना बुवांखेरीज कोणी हात लावला नव्हता. आत पितळेच्या पट्ट्या असतात. कानशीने पट्टी केसभर खरडली की सूर जागेवर येतो, आणि केसभर जास्त खरडली की पट्टी कायमची वाया जाते. आता बुवांची नजर अधू झाली होती. उद्यापासून सप्ताह, आणि पेटीची काळी चार, भजनाचा मुख्य सूर, नेमकी बेसूर. ही पेटी आता कोणाच्या तरी हाती द्यायला हवी, हे सगळ्या गावाला कळत होतं. ते हात आपलेच, हे वासुदेवने मनाशी केव्हाच ठरवून टाकलं होतं. कित्येक वर्षं त्याने बुवांकडे पेटीचे भाते चिकटवले, फुटक्या पट्ट्या बदलल्या, बोलणी खाल्ली. पण सूर लावायला बुवांनी त्याला कधी दिला नाही.

म्हणून तर हे कपाट.

घरामागच्या खोपीत वासुदेवने आपला कारखाना थाटला होता, आणि त्याच्या मधोमध, देव्हारा असावा तसं, कानशींचं कपाट उभं होतं. फणसाच्या लाकडाचं. आत प्रत्येक कानशीला तिच्या मापाची खाच, खाचेला मऊ कापडाचं अस्तर. उजवीकडे पितळ घासायच्या कानशी, डावीकडे लोखंड घासायच्या. वर भरड, खाली बारीक. चपट्या, गोल, अर्धगोल, उंदराच्या शेपटीएवढ्या निमुळत्या. एकीचा दात दुसरीला लागेल तर शपथ! दमट हवेने गंज चढू नये म्हणून तळाशी खडूचे तुकडेसुद्धा ठेवले होते.

बायको म्हणायची, एवढ्या लाडाने मला कधी ठेवलं नाही. ते खरंच होतं.

"चला," वासुदेव म्हणाला. "बघा तरी."

बुवा उठले. पेटीही उचलून सोबत घेतली. वासुदेवने हात पुढे केला, तो त्यांना दिसला नाही. किंवा दिसला असेल.

खोपीत शिरल्यावर वासुदेवने कपाटाची दारं उघडली आणि चटकन उजव्या बाजूला सरकून उभा राहिला. पाठ अगदी कपाटाला लावून.

बुवांनी पेटी शेजारच्या स्टुलावर ठेवली आणि कपाट न्याहाळलं. वरून खाली. मग खालून वर. एक कानस काढून अंगठा फिरवला, परत ठेवली. दुसरी काढली. वासुदेव मोठ्या उमेदीने एकेकीची कुळकथा सांगत होता. ही कुठून आणली, हिची मूठ कशी सागाची करून बसवली, हिला तर अजून ऊनसुद्धा लागलेलं नाही.

"झिजली खंयची?" बुवांनी विचारलं.

"एक पण नाय, बुवा!"

वासुदेवची छाती फुगली.

"मगे कामाक खंयची?" म्हणत बुवांनी हातातली कानस परत ठेवली.

...

तेवढ्यात शेजारच्या घरातून आवाज आला. खर्र... खर्र... खर्र खर्र.

वासुदेव मोठ्यांदा खाकरला. "बुवा, च्या घेतल्यात? बायलेक सांगतंय..."

बुवांनी हात वर केला. डोळे अधू झाले होते, पण कान काही म्हातारे झाले नव्हते. मान तिरकी करून ते ऐकत राहिले.

"ह्या कोण वाजयता?"

"शेजारीण. काय तरी घासता असात."

"बारीक दातांची आसा," बुवा म्हणाले. "तीन धारांची."

वासुदेवने पाठ कपाटाला आणखी घट्ट लावली.

"बाजूक हो."

"बुवा, ता काय नाय..."

"वासू. बाजूक हो."

वासुदेव बाजूला झाला. त्याच्या पाठीमागे, पितळेच्या ओळीत, एक खाच रिकामी होती. बाकी सगळं कपाट दागिन्यांच्या पेटीसारखं भरलेलं आणि मधेच ही एक खाच, पडलेल्या दातासारखी.

"हयसर काय होता?"

"तिकोनी," वासुदेव पुटपुटला. आणि मग त्याला राहवलं नाही. "शेवंतीन नेली! सकाळी इली, खवणीक धार काढूची आसा म्हणाली. मी नाय म्हणूच्या आधी घेऊन गेली पण. पितळेची कानस, बुवा, आणि ती लोखंडार घासता! तुमीच शिकवलास, पितळेची लोखंडाक लावू नको म्हणून. नेमकी आजच! तुमी येवच्या दिवशी!"

त्याला खरोखर रडू येत होतं. इतक्या महिन्यांची मेहनत आणि एका नारळाच्या खवणीपायी तिचा विचका व्हावा!

बुवा मात्र ऐकत होते ते वेगळंच. खर्र... खर्र... खर्र खर्र. त्यांच्या बोटांनी कपाटाच्या दारावर ठेका धरला होता. चांगला मोकळा, भजनी ठेका. शेजारणीची लय जरा ढळली की बुवांची बोटं तिला सांभाळून घ्यायची. वासुदेव बघतच राहिला. आपला एवढा संसार बुडतोय आणि म्हातारा चक्क साथ करतोय!

आवाज थांबला. बुवा उरलेल्या कानशी चाचपत राहिले, आणि घटकाभराने शेवंती खोपीच्या दारात हजर झाली. एका हातात तिकोनी कानस, दुसऱ्या हातात ताटली. तोंडभर हसू.

"वासूभावजी, घेवा तुमची कानस. काय धार इली म्हणून सांगू! आता नारळ नुसतो दाखवलो तरी खोबरा पडता!"

मग बुवा दिसले तशी तिने पदर सावरला आणि ताटली पुढे केली. ओल्या खोबऱ्याच्या वड्या. अजून वाफाळत होत्या.

बुवांनी आधी कानस घेतली. दातांत लोखंडाची काळी पूड, तिच्यात खोबऱ्याचा कीस. त्यांनी ती नाकाशी नेली. हुंगली. वासुदेवने डोळे मिटून घेतले, आता शिव्या पडणार म्हणून.

शिव्या पडल्या नाहीत. डोळे उघडले तेव्हा बुवा वडी खात होते. अगदी मन लावून, दाढीत चुरा सांडत. कानस त्यांनी शेवंतीच्या हातात परत दिली होती. दुसरी वडी उचलून त्यांनी रिकाम्या खाचेत ठेवली. अस्तराच्या मऊ कापडावर, बरोबर मधोमध.

"बुवा!" वासुदेव ओरडलाच. "ती कानशीची जागा आसा!"

"रिकामी होती," बुवा म्हणाले, आणि बोटं चाटली.

शेवंतीला हसू आवरेना. तिने तोंडाला पदर लावला, पण खांदे हलायचे ते हललेच.

वासुदेवने कपाटाकडे पाहिलं. ओळीने चमकणाऱ्या त्या सगळ्या कानशी, आणि त्यांच्यात ऐटीत बसलेली ती वडी. कपाटात तेवढ्या एकाच गोष्टीला वास होता.

तोवर शेवंतीने धीर करून विचारलं, "भावजी... पलीकडल्या भागीकाकीची खवणी पण बोथट झाली हा. उद्याच्या प्रसादाक सगळ्या आळीचे नारळ खवूचे आसत. परत नेऊ काय?"

वासुदेवने बुवांकडे पाहिलं.

बुवा पेटीवरची धूळ पुसत होते. त्यांचा हात पुन्हा तिच्यावरच होता. मदतीला ते येणार नव्हते, हे स्पष्ट होतं.

...

"ने," वासुदेव म्हणाला.

एवढासा शब्द, पण तो बाहेर पडला आणि वासुदेवच्या छातीवरची कसली तरी धोंड हलली. त्याला स्वतःलाच नवल वाटलं. तो कपाटाशी गेला, डावीकडच्या ओळीतली मोठी भरड कानस ओढून काढली. जिला अजून ऊनसुद्धा लागलं नव्हतं, तीच.

"आणि ही पण ने. काकीच्या कोयत्याक लागात."

"खरा?"

"ने गो! आणि तुझ्या घोवाक सांग, दाराची बिजागरी करकरता म्हणून कोकलत होतो ना, तर येऊन गोल घेऊन जा म्हणावा."

शेवंती दोन्ही कानशी घेऊन जवळजवळ पळतच गेली, भावजींचं मन बदलायच्या आत. थोड्या वेळाने आळीच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज सुरू झाला. आता दोन आवाज होते. एक बारीक, एक जाड. खर्र खर्र... खस्स... खर्र खर्र... खस्स. तालात म्हणावं असं त्यात फारसं काही नव्हतं.

वासुदेवला हसू फुटलं. आधी जरासं, मग पोट धरून. गेल्या कित्येक महिन्यांत या खोपीत कोणी असं हसलं नव्हतं. खाचेतली वडी त्याने उचलली आणि उभ्याउभ्याच खाऊन टाकली. फार सुंदर झाली होती.

तोंड पुसून तो वळला, तर पेटी त्याच्या बाकावर होती. बुवांचा हात तिच्यावर नव्हता.

बुवा दारापाशी काठी शोधत होते.

"काळी चार," ते म्हणाले. "उद्याच्या आरतीपर्यंत सुरात व्हयी."

वासुदेवने आधी पेटीला हात जोडले, मग बुवांचे पाय धरले. डोळे भरून आले होते, ते त्याने लपवले नाहीत. मग कारागिराची काळजी जागी झाली. त्याने कपाटाकडे बोट दाखवलं.

"बुवा, एवढाच सांगा. सुराक ह्यातली कुठची कानस घेऊ?"

बुवांना काठी सापडली. उंबऱ्याबाहेर पाय टाकता टाकता, मागे न बघता ते म्हणाले,

"जी जाग्यार नाय, ती."