झुंबरची चौथी कड

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं ते कुणी मोजलेलं नाही. खैरमाळच्या वेशीतला लिंब तेव्हा गुडघ्याएवढा होता, यावरून काय ते समजा. गावात डॉक्टर नव्हता, डांबरी रस्ता नव्हता, आणि अक्कल फक्त पागोट्याखाली असते अशी गावाची खात्री होती.

त्या गावाबाहेर, ओढ्याकाठी, झुंबर घिसाडणीचं कापडाचं पाल असायचं. घिसाडी म्हणजे गावोगाव फिरून लोखंड घडवणारी माणसं. नवरा वारल्यावर झुंबर एकटीच भट्टीला वारा घालणारा चामड्याचा भाता ओढायची आणि एकटीच घण घालायची. असं म्हणतात, तिचा घण पडला की तीन कोसांवरची म्हैस कान टवकारायची. म्हशीचं मला ठाऊक नाही, पण झुंबरचा कान खरंच तिखट होता. नुसत्या फुसफुशीवरून तिला कळायचं, भात्याचं चामडं कुठं उसवलंय. "भाता बोलतो," ती म्हणायची, "ऐकणारं माणूस पाहिजे."

त्या साली पोळ्याच्या सकाळी येसाजी मुळीक तिच्या पालापाशी आला. गावातला मातब्बर गडी. त्याचा हौशा बैल म्हणजे काळा पहाड.

"ए घिसाडणी, पाल उचल. आज मिरवणूक आहे. तुझ्या ठिणग्यांनी बैल बुजतात."

झुंबरनं भाता थांबवला नाही. "फाळ पाजवायला येता तेव्हा नाही बुजत ते, मालक? का तेव्हा डोळे बांधून आणता?"

ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बाया फिदीफिदी हसल्या. येसाजीचं तोंड तांबडं झालं. "उद्या सकाळी हे पाल दिसलं तर भात्याला काडी लावीन!" म्हणाला आणि गेला.

भाता म्हणजे तिचा संसार. भाता गेला तर घिसाडणीनं खायचं काय, दगड? पण ती हलली नाही. हलणाऱ्यातली ती नव्हतीच.

तिसऱ्या प्रहरी वेशीत बैल जमले. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरमाळा. येसाजी हौशाचा कासरा धरून पुढं उभा. तेवढ्यात हलगी कडाडली, हौशा बुजला, मान फिरवली, आणि शिंग येसाजीच्या उजव्या बरगडीत शिरून तसंच माघारी निघालं.

येसाजी बसला. पडला नाही, बसला. छातीवर रुपयाएवढं भोक, आणि त्यानं श्वास घेतला की भोक फुस्स करायचं, रक्ताचे बुडबुडे यायचे.

मग काय, शहाण्यांची जत्राच भरली. "हळद दाबा!" "राख भरा!" "उताणा निजवा, पाणी पाजा!" येसाजीची म्हातारी आई मैनाआक्का लेकाचं डोकं खांद्याशी धरून पदरानं त्याचा घाम टिपत होती.

झुंबर ओढ्याकडून आली ती गर्दी कोपरांनी फाडत. तिनं फक्त ऐकलं. फुस्स... फुस्स...

"हा तर फाटका भाता," ती म्हणाली. "नळीतून जायचा वारा भोकातनं आत घुसतोय." आणि घण धरून राठ झालेला आपला तळहात तिनं त्या भोकावर दाबला. आवाज थांबला. येसाजीच्या छातीत श्वास शिरताना सगळ्यांनी पाहिला.

"शिवू नको त्याला!" गावचे पाटील ओरडले.

"शिवले नाही तर मरतोय, पाटील. निवडा."

मैनाआक्का म्हणाली, "माझ्या लेकावरचा हात काढू नको गं, बाई." पाटील दोन पावलं मागं सरले.

तालुक्याचा दवाखाना बारा कोस. बैलगाडीच्या हिसक्यात हात किती वेळ टिकणार? झुंबरनं मैनाआक्काचा तळवा आपल्या जागी दाबून ठेवला, पालाकडं धावली आणि भात्याच्या आतली चामड्याची झडप सुरीनं कापून आणली. जो भाता दुसऱ्या सकाळी जळणार होता तो तिनं स्वतःच मोडला. पदरानं छाती पुसली, झडपेच्या चारी कडांना मेण फासलं आणि भोकावर पक्की बसवली.

गाडी निघाली. पाव कोसही गेली नसेल, येसाजीचे ओठ निळे पडले. मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या, छातीची उजवी बाजू ढोलासारखी ताणली.

"मारलं! घिसाडणीनं मारलं!" मागून येणारे ओरडले. पाटलांनी काठी उगारली.

झुंबर गाडीत त्याच्यावर वाकली. हातानं भोक बंद केलं होतं, मेणानंही तेच केलं, मग चुकलं कुठं? तिनं चामड्याकडं पाहिलं. भात्यात ही झडप एकाच कडेनं ठोकलेली होती, बाकी मोकळी, म्हणून ती उघडायची आणि मिटायची. इथं आपण तिला चारी बाजूंनी गाडलं! आत फुफ्फुस फाटलंय, त्यातून सुटलेला वारा छातीत कोंडलाय, आणि आपणच दार लावून घेतलंय.

"चुकले मी," ती मोठ्यानं म्हणाली. त्या गावात कुणी मोठ्यानं असं म्हटलेलं ते पहिल्यांदाच. आणि तिनं झडपेची खालची कड नखानं उचलली.

सूंऽऽ करून वारा बाहेर पडला. शिरा उतरल्या. येसाजीनं डोळे उघडले. आता श्वास आत घेतला की चामडं चिकटायचं, सोडला की खालची कड उचलायची. तीन कडा बंद, चौथी मोकळी. पाटलांनी काठी खाली घेतली.

बारा कोस ती त्याला जखमेच्या बाजूवर कलवून, अर्धवट बसतं धरून होती. पाण्याचा घोट नाही, निजू देणं नाही. असं म्हणतात, नदी दुथडी भरून होती, पण गाडी पार होताना नदीनंच श्वास रोखून धरला. असं म्हणतात, हौशा बैल मान खाली घालून बारा कोस गाडीमागं चालत गेला. म्हणणाऱ्यांनी पाहिलेलं नाही, पण मी कुणाला खोटं पाडत नाही.

डॉक्टरांनी छातीत नळी घालून कोंडलेलं रक्त काढलं. मग ते चामडं उलटसुलट करून पाहिलं.

"कुठं शिकलात, बाई?"

"भात्यापाशी."

"आमच्या पुस्तकात अगदी असंच लिहिलंय."

"मग पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी भाता असणार," झुंबर म्हणाली.

महिन्यानं येसाजी चालत गावात आला. घरी नाही गेला, आधी ओढ्यावर गेला. खांद्यावर नवं कोरं चामडं होतं. "भाता बांध," एवढंच बोलला. "पाल?" तिनं विचारलं. "बैल बुजले तर बुजले," तो म्हणाला. असं म्हणतात, त्याच्या छातीवर मरेपर्यंत एका तळहाताचा ठसा होता, आणि लोहारकामाच्या दिवशी तो ठसा हाताला ऊन-ऊन लागायचा.

झुंबर कधी गेली, कुठं गेली, कुणी सांगत नाही. पण खैरमाळात आजही पोळ्याला हलगी वाजायच्या आधी सगळा गाव छातीवर तळवा ठेवून तीन श्वास घेतो, पाटील धरून. लेकरांना चालता येण्याआधी शिकवतात: छातीला भोक पडलं तर आधी तळवा, लगेच दवाखान्याच्या गाडीला फोन, आणि काही चिकटवलंच तर चौथी कड मोकळी. आणि प्रत्येक दाराच्या आतल्या बाजूला चामड्याचा तळहाताएवढा तुकडा तीन कडांनी ठोकलेला असतो. वारा सुटला की चौथी कड उचलते आणि मिटते. नवी सून दचकते. मग सासू सांगते, "भिऊ नको गं, झुंबर श्वास घेतीय."