मामांचं शिल्लक चालणं

"गॅस न पेटवता सणाचं गोड करावं, तर ते मीच," पाडव्याच्या पानावर बसता बसता धोंडोकाका म्हणाले, आणि लगेच पुढे, "म्हणजे चक्का बायकोने टांगला, घोटला सुनेने. मी चव पाहिली."

त्यांचे मेहुणे भास्करराव रोज पहाटे चालणारे, गोडाला न शिवणारे. त्यांनी श्रीखंडाची वाटी दूर सारली. "एका वाटीमागे तासभर चालावं लागतं. खा आणि पस्तावा."

झालं, सगळ्यांचे हात आखडले. सुनेचं पहिलंवहिलं श्रीखंड आता पातेल्यातच राहणार, म्हणून काका हिरमुसले. सून वृंदा मात्र वाढतच राहिली.

"मामा, तुम्ही इतकी वर्षं चालताय आणि गोड काहीच खात नाही. म्हणजे घरभर पुरेल इतकं चालणं तुमच्याकडे पडून आहे. आमच्या वाट्या त्यातून वजा करा, आणि उद्यापासून जरा लांबवर जात जा."