हलक्या पाण्यातलं वरण

एकदा एक सासू आपल्या सुनेला कायमची माहेरी धाडण्यासाठी चांगला दिवस विचारायला नदीकाठच्या मठातल्या वृद्ध बुवांकडे आली. संसार जोडायचा मुहूर्त सगळेच विचारतात. मोडायचा विचारणारी ही पहिलीच. नाव द्वारकाबाई, गावातल्या व्यापाऱ्याची बायको, आवाज असा की घाटावरचे कावळे उडावेत.

गाव नदीकाठी खरं, पण नळाला येई ते विंधणविहिरीचं पाणी, आणि ते भलतं जड. बादलीला पांढरा थर, चहाच्या भांड्यात पापुद्रे, न्हायल्यावर केस काथ्यासारखे. साबण घासून झिजायचा, फेस मात्र नावाला. गावाला त्याचं काहीच वाटत नसे. जन्मल्यापासून तेच पाणी, मग त्याला जड म्हणणार कोण? बायका डाळ रात्रभर भिजत घालत, शिजताना वर सोडा टाकत, धुण्याला साबणाची अर्धी वडी संपवत. हात हे आपोआप करत, डोक्याला पत्ता नसे.

त्या गावची एक रीत होती. नव्या सुनेनं गावदेवीच्या पंगतीपर्यंत चुलीला हात लावायचा नाही. आणि पंगतीचं वरण मात्र तिनंच करायचं, एकटीनं, कुणी आत डोकवायचं नाही. ही रीत काढणाऱ्याला शहाणा म्हणायला माझी जीभ वळत नाही. पोहायला शिकवायचं नाही आणि डोहात ढकलून काठावर बघत बसायचं, त्यातली ही तऱ्हा.

द्वारकाबाईंची सून सुगंधा घाटमाथ्यावरच्या झऱ्याच्या गावची, तिथलं पाणी हलकं. तिनं माहेरी करायची तसं वरण केलं. डाळ उकळून उकळून दमली, पण शिजली नाही. पंगतीत बोळके म्हातारे दाणे चघळत बसले. एकजण मोठ्यानं म्हणाला, “द्वारकाबाई, हे वरण आहे की फुटाणे?” सगळी पंगत हसली, आणि पोरीचं नशीब तिथंच फिरलं.

“बुवा, जिला वरण जमत नाही ती संसार काय करणार?” द्वारकाबाई म्हणाल्या. “धोतरं धुते तीही करडी. मी पोराला दुसरी बघते.”

तो पोरगा, म्हणजे सुगंधाचा नवरा, मागं उभा राहून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. सुगंधाचे डोळे रडून सुजले होते.

बुवा म्हणाले, “उद्याच दिवस चांगला आहे. धाड.”

शेजारी बसलेला शिष्य चरकला.

“पण एक अट,” बुवा पुढे म्हणाले. “पोचवायला तू स्वतः जायचंस. मुक्काम करायचास, आणि व्याह्यांना तुझ्या हातचं वरण खाऊ घालायचंस. लेकीला काय येत नाही, ते त्यांच्या जिभेला कळू दे. माझा शिष्य सोबत येईल.”

“अहो, बोटं चाटतील!” द्वारकाबाई खूश होऊन गेल्या.

शिष्य कुजबुजला, “महाराज, आपण एक घर मोडता आहात.”

“तू पिशवी भर,” बुवा म्हणाले. “आणि तिथं तोंड फक्त जेवायला उघड.”

घाटमाथ्यावर पोचल्यावर द्वारकाबाईंनी आधी न्हाणीघर गाठलं. सवयीप्रमाणं साबण खसाखसा लावला, तर फेसात त्या स्वतःच दिसेनाशा झाल्या. तांब्यावर तांब्या ओतला, तरी अंगाचा निसरडेपणा जाईना.

“सुगंधे! तुमच्या साबणात तेल घालतात काय गं? सुटतच नाही मेला!”

“सुटलाय, आत्याबाई,” सुगंधा दाराबाहेरून म्हणाली. “आमच्याकडं अंगाला असंच लागतं. साबण थोडाच लावायचा असतो.”

“मला आता साबण लावायला शिकव!”

मग वरणाची पाळी आली. द्वारकाबाईंनी डाळ आदल्या संध्याकाळीच भिजत घातली होती. सकाळी ती चढवली, घरून बांधून आणलेला सोडा टाकला, व्याह्यांकडं नाक कापलं जायला नको म्हणून आणखी थोडा टाकला, आणि विहिणीला सुनेची गाऱ्हाणी सांगत बसल्या. झाकण काढलं तर डाळ नाहीच! नुसती पिवळी खळ. कागद चिकटवावेत अशी.

सुगंधाची आई सभ्य होती, तिनं पहिला घास गिळला. व्याही तेवढे सभ्य नव्हते.

“काय हो विहीणबाई, अंगाला लावून उरलेला साबण यात टाकलात काय?”

शिष्याला हसू दाबताना ठसका लागला. द्वारकाबाईंचा चेहरा मात्र उतरला. उभा जन्म चुलीपुढं गेला होता, आणि परक्या घरात भरल्या पानावर अशी शोभा. डोळ्यांत पाणी आलं. सुगंधाला हसायचा हक्क होता. ती हसली नाही. तिनं पातेल्याचा वास घेतला.

“आत्याबाई, सोडा घातलात?”

“घालायलाच हवा. नाहीतर डाळ शिजते होय कधी?”

“इथं शिजते. तशीच.”

 द्वारकाबाई हळूच म्हणाल्या, “आणि तू पंगतीला घातला नव्हतास?”

“मला काय ठाऊक? कुणी सांगितलं नाही.”

“अगं, हे काय सांगायचं अस...”

वाक्य तिथंच थांबलं. सुगंधानं दुसरी डाळ चढवली. सासू शेजारी पाट घेऊन बसली आणि मुकाट्यानं बघत राहिली.

परतीच्या एस.टी.तून दोघी उतरल्या. मठाच्या दारात बुवांनी विचारलं, “काय, पोचवलीस?”

“पोचवली होती. परत आणली,” द्वारकाबाई म्हणाल्या. “तिथं मला चार घास गोड लागले ते हिच्याच हातचे. आणि बुवा, तुम्ही महा लबाड आहात.”

त्या गेल्यावर शिष्य म्हणाला, “महाराज, आपल्या गावचं पाणी जड आहे एवढं इथंच सांगितलं असतं, तर हा खटाटोप वाचला असता.”

“सांगितलं असतं, तर तिनं मलाच झाडलं असतं, की सुनेची कड घेऊन गावच्या पाण्याला नावं ठेवता,” बुवा म्हणाले. “अरे, पाण्याची सवय हाताला लागते, आणि माणूस तिलाच आपली अक्कल समजतो. हात दोघींचेही चांगले. एकीच्या हाताला आपलं पाणी ठाऊक होतं, दुसरीला ते कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगावं लागतं हे पहिलीला कळायला, तिनं एकदा परक्या चुलीपुढं फसणं आवश्यक होतं.”

 

घरात नवी सून येवो, कचेरीत नवा माणूस येवो की शेजारी नवं बिऱ्हाड, त्याच्या फजितीला दात काढण्याआधी एवढंच आठवा: आपल्याकडचं पाणी कसं आहे, ते त्याला कुणी सांगितलं होतं का?