ढवळीचा घास

फार फार वर्षांपूर्वी, जनावरं माणसांशी बोलत असत तेव्हाची ही गोष्ट. माणसं तेव्हाही फारसं ऐकत नसत, ती गोष्ट वेगळी.

डोंगराच्या पायथ्याशी एका घरात सासू, मुलगा आणि सून राहत. सुनेला दिवस गेले होते आणि त्याच सुमारास गोठ्यातली ढवळी गायही गाभण होती. सासूचा दोघींवरही फार जीव होता.

ढवळीसाठी ती रोज बाजरी शिजवी. त्यात गूळ घाली, जवसाची पेंड कालवी. सुनेच्या ताटात मात्र अर्धी भाकरी पडे, तीही सगळ्यांची जेवणं उरकल्यावर.

"थोडंच खा गं पोरी," सासू मायेनं म्हणे. "पोटात बाळ वाढलं की बाळंतपणात बाई अडते."

सुनेचे गाल बसले, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. तरी ती गोठ्यात टोपलं नेई. गुळाचा वास आला की तिच्या तोंडाला पाणी सुटे. पण दुसऱ्या जिवाच्या घासाला हात कसा लावायचा? ती टोपलं ठेवून मुकाट्यानं परत येई.

एके दिवशी टोपलं ठेवताना सुनेला भोवळ आली आणि ती खालीच बसली. सासू धावत आली. पाहते तो काय, ढवळी नाकानं टोपलं सुनेकडे ढकलत होती.

"अगं, तू खा ना!" सासू म्हणाली.

"नको, बाई," ढवळी म्हणाली. "जास्त खाल्लं तर माझं वासरू मोठं होईल आणि मी अडेन."

"वेडी की काय! तू खाल्लं नाहीस तर वासरू उभं तरी राहील का? आणि वितानासुद्धा अंगात बळ लागतं..."

बोलता बोलता सासू थबकली. समोर सुनेचं पांढरंफटक तोंड होतं.

"माझी थोरली बहीण बाळंतपणात गेली," सासू हळूच म्हणाली. "तेव्हापासून भीती बसलीय मनात."

"तिच्या अंगात बळ होतं का, बाई?" ढवळीनं विचारलं.

सासूनं डोळ्यांना पदर लावला. "नव्हतं गं. हाडांचा सापळा झाली होती. पण हिला बळ यायला राजवाड्यातलं केशर-बदाम मी कुठून आणू?"

"मला कुठं केशर घालतेस? शेतात-परसात पिकतं, तेच देतेस ना?"

त्या दिवसापासून सुनेचं ताट सगळ्यांच्या आधी वाढलं जाऊ लागलं. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, मुगाचं वरण, वर गुळाचा खडा. सकाळी दूध घातलेली नाचणीची पेज. पहिल्या दिवशी सून जेवता जेवता रडली. "आत्याबाई, आज पोट भरलं," एवढंच म्हणाली. सासूनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

दिवस भरले. सुईण आत गेली आणि सासू उंबऱ्यावर देवाचं नाव घेत बसली. पहाटे खणखणीत रडणं ऐकू आलं. बाळ गुटगुटीत होतं. आणि सून हसत होती.

सासू तडक गोठ्यात गेली आणि ढवळीच्या पायांवर डोकं ठेवलं. "माझी पोर वाचली. तुझे उपकार कसे फेडू, माय?"

"माझे कसले उपकार?" ढवळी म्हणाली. "शेजारच्या घरातली गरवार पोरगी अजून सगळ्यांच्या मागून जेवतेय."

सासू उठली. गरम भाकरी आणि भाजी पदराखाली झाकून ती शेजारच्या दाराशी गेली, आणि सून घरी जेवत होती तोवर तिथल्या पोरीला समोर बसून भरवत राहिली.

तात्पर्य : दोन जिवांच्या बाईला आधी वाढावं आणि पोटभर वाढावं, घरच्या साध्या अन्नातच दोघांचं बळ असतं.