सूप दुसऱ्यांदा निवडायला बसतं

भांडीकुंडी बोलत असत त्या काळी वेणूताईंच्या घरात एक सूप होतं. एकदा त्याच्या नजरेतून निसटलेला खडा सवाष्णीच्या दाताखाली आला. तेव्हापासून ते निवडलेलंही पुन्हा निवडी.

सोळा सोमवारांचं उद्यापन होतं. चुरम्याचा नैवेद्य दाखवल्यावरच वेणूताई पाणी पिणार होत्या. ऊन कलायला आलं, तरी जातं रिकामंच!

"काल निवडून डब्यात भरलेले गहू आज परत कशाला?" जातं कुरकुरलं.

"मला द्या, दोन हिसक्यांत चाळते," चाळण म्हणाली.

"गव्हाएवढा खडा तुला कुठं कळतो गं?" सूप म्हणालं. "सगळं बघावं तर बाई उपाशी, सोडावं तर कुणाचा दात! महादेवा, करू तरी काय?"

जातं नरमलं. "डब्याचं झाकण मधे कुणी उघडलं का?"

"नाही. माझ्यासमोर लावलं, तसंच आहे."

"मग ते गहू येऊ देत. कमी पडतील म्हणून शेजारणीने आत्ता आणून दिलेले तेवढे नीट बघ."

सुपाने भीतभीतच डब्यातले गहू जात्यात जाऊ दिले. शेजारणीच्या गव्हांत दुसऱ्याच मुठीला खडा निघाला. सूप हरखलं, आणि लगेच दचकलं. असाच एखादा डब्यात राहिला असेल तर?

नैवेद्य वेळेत झाला. वेणूताई शेवटचा घास घेईपर्यंत सूप श्वास रोखून होतं. खडा लागला नाही. ते आपल्या कालच्या निवडण्यामुळे की महादेवाच्या कृपेने, हे मात्र त्याला काही केल्या कळेना.