आड आलेली टेकडी

एका किनाऱ्यावर एक वाडीवाला राहत होता. नारळ-पोफळीची वाडी, अंगणात गोड्या पाण्याचा आड, आणि समुद्र व वाडी यांच्यामध्ये वाळूची जुनी टेकडी. टेकडीवर मर्यादवेल पसरलेली. समुद्राने हिच्यापुढे येऊ नये, म्हणून तिचं नाव मर्यादवेल. नावातच सगळं सांगून ठेवलं होतं, पण ऐकतो कोण!

वाडीवाल्याने पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या, त्यांना मोठमोठ्या खिडक्या ठेवल्या. खिडक्यांतून दिसायची मात्र टेकडी.

"ही नेमकी आड येते," तो बायकोला म्हणाला. "काढूनच टाकतो. अंगणात भर घालायला वाळूही होईल."

"अहो, ती आड येते म्हणूनच आपला आड गोड आहे. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी देवदर्शनाच्याही आधी मला तिथे वेल लावायला नेलं, ते काय उगाच?"

वाडीवाला हसला. "अगं, समुद्र पावसाळ्यात किनाऱ्याची वाळू ओढून नेतो आणि दिवाळीपर्यंत परत आणून टाकतो. तशी टेकडीही येईल!"

वेल उपटली गेली, टेकडी भुईसपाट झाली. पाहुणे आले आणि समुद्र बघून हरखले. वाडीवाल्याला तर आकाश ठेंगणं झालं.

आषाढात उधाण आलं. त्याला अडवायला कुणी नव्हतं. लाटा सरळ वाडीत शिरल्या आणि आडात उतरल्या. पाणी ओसरलं, मीठ राहिलं. कडेचे माड मुळांसकट आडवे झाले, पोफळी उभ्या जागी वाळल्या.

दिवाळी आली. समुद्राने किनाऱ्याची वाळू नेहमीसारखी आणून दिली. टेकडी नाही दिली. ती त्याने नेलीच नव्हती, तर देणार कुठून?

पाहुणे पुन्हा आले. "वा! समुद्र काय दिसतो हो इथून! जरा प्यायला पाणी आणा."

पहिलाच घोट त्यांनी थुंकून टाकला आणि पिशव्या उचलल्या.

"आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?" असं म्हणून बायकोने घागर कमरेवर घेतली आणि ती दूर डोंगराच्या झऱ्याकडे निघाली. जाताना वळून एवढंच म्हणाली, "आता काही म्हणजे काही आड येत नाही हो."

वाडीवाला उठला आणि समुद्राकडची एकेक खिडकी लावून घेऊ लागला.

तात्पर्य, ज्यांना वेळेवर समजून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी: जे आपल्या आड येतं, ते आपल्यासाठी कुणाला अडवून उभं आहे ते आधी बघावं, मग कुदळ उचलावी.